न वाजता उघडणारा फोन

आई,

या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातला एक फोन न वाजता, कुणी हात न लावता, आपोआप उघडला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते. आता मी अकोल्याला एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर, नेट आणि फोन सांभाळते. मुख्य ऑफिस अकोल्याला, शाखा आपल्या अमरावतीला, आणि बिघाड कुठंही झाला तरी बोलावणं मला. तू अख्खा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलास आणि मीही फिरून फोनच्याच वायरींपाशी आले, हे ऐकून तू काय म्हणाली असतीस कोण जाणे. बहुतेक म्हणाली असतीस, ‘दुसरं काई नाई भेटलं काय तुले?’

आमचे फोन तुझ्या फोनांसारखे नाहीत. ते नेटवर चालतात. टेबलावरचा एकेक फोन म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि सगळे फोन एकमेकांना जोडणाऱ्या सर्व्हरशी तो ज्या ठरलेल्या रीतीनं बोलतो तो प्रोटोकॉल. आमचा जुना सर्व्हर फक्त आपल्याच भाऊबंदांशी, आपल्याच रीतीनं बोलायचा. तो म्हातारा झाला, त्याचे भाग मिळेनात, म्हणून मालकांनी सगळीकडे चालणाऱ्या रीतीचा नवा सर्व्हर घेतला. फोन मात्र जुनेच ठेवायचे होते. मग एकेका फोनच्या पोटातला प्रोग्रॅम काढून नवा घालायचा, म्हणजे तो नवी बोली शिकतो. जुन्यावरून एकदम नव्यावर उडी मारता येत नाही, मधल्या एका आवृत्तीवर थांबावं लागतं. तेवढा वेळ फोनचा पडदा कोरा होतो, दिवे एकामागून एक लुकलुकतात, आणि त्यातच वीज गेली तर फोन मेला म्हणून समजायचं. अकोल्यात एक असाच गेला. शिपायाला वाटलं हा बंदच आहे, म्हणून त्यानं त्याची पिन काढून तिथं कूलर लावला. ‘मॅडम, मी तं फक्त वायर काढली,’ असं तो इतक्या निरागसपणे म्हणाला, की मला रागावताही आलं नाही.

सेटिंगची फाईल नागपूरहून आलेल्या इंजिनिअरनं बनवली होती. तो जनरल मॅनेजरांच्या केबिनमध्ये बराच वेळ बसला, चहा पिऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, ‘हीच फाईल सगळ्या फोनांना द्या, काही बदलू नका.’ मी फाईल वाचली. ज्या ओळी कळल्या नाहीत त्या त्याच्या भरवशावर सोडल्या. रविवारी ऑफिस रिकामं असताना अकोल्याचे फोन केले, पुढच्या रविवारी अमरावतीचे. सोमवारी सकाळी अमरावतीहून पहिली तक्रार आली. तिकडचं बोलणं अकोल्याला स्वच्छ ऐकू यायचं, पण अकोल्याचा आवाज तिकडं पोचतच नव्हता. नव्या रीतीत असं होतं. फोन लागतो पण एकीकडचा आवाज वाटेतल्या राउटरवर अडकतो. मी दुपारपर्यंत ते नीट केलं. पण तेवढ्या वेळात अमरावतीच्या शाखेत एक वाक्य फिरून गेलं होतं: ‘अकोल्यावाल्यायले आपलं सारं आयकू येते, आपल्याले त्यायचं काई नाई.’

राउटर दुरुस्त होतो. वाक्य होत नाही. हे तुला मी काय सांगू?

आठवडाभरानं शाखेतल्या काकूंचा फोन आला. काकू म्हणजे तिथल्या जुन्या क्लार्क, निवृत्तीला आलेल्या, सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्या कधी आडून बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘मॅडम, खरं सांगा. हा फोन आयकते काय?’ मी विचारलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, टेबलावरच्या फोनचा स्पीकरचा दिवा मधूनच हिरवा होतो, थोडा वेळ राहतो आणि विझतो. घंटी नाही, काही नाही. परवा त्यांनी खोलीत गोडाऊनवाल्या माणसाला सांगितलं होतं, की सोयाबीनचा तो एक लॉट पुन्हा तपासल्याशिवाय दुकानदारांना पाठवू नका, उगवण मला कमी वाटते. खोलीत दोघंच होते. दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजरांचा अकोल्याहून फोन आला, ‘लॉटची काळजी तुम्ही करू नका,’ आणि वर त्यांचंच वाक्य शब्दाला शब्द ऐकवलं. त्यानंतर धारणीच्या डेपोत बदलीची भाषा सुरू झाली. काकूंचे गुडघे काम करत नाहीत. धारणीचा तो घाटातला बसचा प्रवास त्यांना एकदाही झेपला नसता. मी म्हटलं, मी बघते. त्या म्हणाल्या, ‘पाहा. पण बटनं तं तुमच्याच हातात हायेत, नाई?’

मला राग आला, आई. आणि लगेच कळलं की त्यांचं चूक काहीच नाही. त्यांच्या जागी मीही मलाच धरलं असतं. त्या दिवसापासून अकोल्यातही मी कुठल्या खोलीत शिरले की बोलणं थांबायला लागलं. हिशेबाच्या टेबलावर एकानं फोनवर बियाण्याच्या नमुन्याची कापडी थैली पालथी घातली. दुसऱ्यानं फोनचं तोंड भिंतीकडे केलं. जेवताना डबे उघडायचे आणि सगळ्या फक्त भाजीबद्दल बोलायच्या. आणि मी? मी सगळ्यांवर संशय घेत होते. नागपूरच्या इंजिनिअरवर, शिपायावर, गोडाऊनवाल्या माणसावर, की त्यानंच जाऊन चुगली केली असेल आणि दिव्याची गोष्ट काकूंच्या मनाचा खेळ असेल.

तेव्हा तुझा तो उन्हाळा आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्ट्या आहेत आणि मी तुझा डबा घेऊन एक्स्चेंजमध्ये आले आहे. लांब खोली, ओळीनं बसलेल्या बायका, कानावर हेडफोन, समोर बोर्ड आणि कॉल जोडायच्या दोऱ्यांची ये-जा. तुझी खुर्ची रिकामी. एक बाई मला बघते आणि दुसरीकडे मान फिरवते. तू मागच्या कोपऱ्यात, जुन्या बिलांच्या गठ्ठ्यांशी बसली होतीस. डबा घेतलास आणि म्हणालीस, ‘घरी जाय. उन्हात नको थांबू.’ पुढं घरात कुजबुजीतून कळलं. धामणगावच्या एका धान्य व्यापाऱ्यानं तक्रार केली होती, की मुंबईशी तो ऑपरेटरमार्फत ट्रंक कॉलवर जो भाव बोलतो तो त्याच्याआधी दुसऱ्या व्यापाऱ्याला कळतो. त्या पाळीत तीन ऑपरेटर होत्या. संशय तुझ्यावर आला. तुझ्यावरच का, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच बोलायची गरज नव्हती. चौकशीत काही निघालं नाही. तुला परत बोर्डावर बसवलं. चुकलं असं तुला कुणी म्हटलं नाही. आणि नवल म्हणजे आपल्या बुद्धविहारातल्या बायकासुद्धा, ज्यांच्या पोरींची सोयरीक तू जमवलीस, त्यासुद्धा तू जवळ बसलीस की आवाज खाली करायच्या.

एकदा तू भाकरी थापत होतीस आणि मी विचारलं, ‘आई, तू आयकलं होतं काय?’ तू वळलीस. हातावर पीठ, तव्यावर भाकरी करपायला लागलेली. ‘तू बी?’ एवढंच म्हणालीस. मग भाकरी उलटलीस आणि मला ताट घ्यायला सांगितलंस. त्यानंतर आपण त्याबद्दल कधीच बोललो नाही.

शेवटी मी कुणाला न सांगता अमरावतीला गेले. काकूंच्या खोलीत, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. बाहेर माझी चप्पलसुद्धा दिसू नये म्हणून आत घेतली. काकू माझ्याकडे संशयानंच पाहत होत्या. आम्ही ठरवलं की त्यांनी नेहमीसारखं काम करायचं आणि मध्ये मध्ये त्याच लॉटचं मोठ्यानं बोलायचं. दुपारी गोडाऊनवाला माणूस आत आला, काकूंनी लॉटचा विषय काढला, तो बोलून गेला, आणि थोड्याच वेळात दिवा हिरवा झाला. घंटी नाही. पडद्यावर नुसतं ‘इंटरकॉम’ असं आलं. मी ओठांवर बोट ठेवलं. स्पीकरमधून पलीकडचा पंखा ऐकू येत होता, एका खुर्चीची करकर, आणि कुणीतरी चहाचा घुटका घेतल्याचा आवाज. आपला आवाज आपल्याला वाटतो तितका बंद नसतो हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मी फोनकडे वाकून म्हटलं, ‘साहेब, मी अमरावतीहून बोलतेय. काही हवं होतं?’

पलीकडं कप बशीवर आदळला. मग जनरल मॅनेजरांचा आवाज, अगदी गोड. ‘अरे मॅडम, तुम्ही तिकडं? टेस्टिंग करून राहिलो होतो. चालू आहे ना?’

‘चालू आहे साहेब,’ मी म्हटलं. दिवा विझला. काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं त्या हसताहेत, पण त्यांचे डोळे भरले होते. ‘माय वं,’ त्या म्हणाल्या, ‘मले वाटलं मलेच वेड लागलं.’

मी तिथंच बसून फाईल पुन्हा उघडली. ज्या ओळी कळल्या नव्हत्या त्यांतलीच एक या सगळ्याचं मूळ होती. नव्या प्रोटोकॉलमध्ये फोन लावताना सोबत हुकूम पाठवता येतो, की वाजू नको, स्वतःच उघड. गोडाऊनमध्ये हाक मारायला ते बरं असतं. इंजिनिअरनं ते सगळ्याच फोनांना दिलं होतं. फक्त जनरल मॅनेजरांचा नंबर त्याच ओळीत वगळला होता. गोडाऊन सोडून बाकी सगळीकडून मी ती ओळ काढली आणि एकेक फोन बंद-चालू करून बदल पोचल्याची खात्री केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘कुणाला विचारून बदललं?’ मी म्हटलं, ‘तुम्ही कुणाला विचारून घातलं?’ ते म्हणाले, ‘फोन कंपनीचा आहे. कंपनीनं ऐकला तर काय बिघडलं?’ मी म्हटलं, ‘मग सगळ्यांना सांगून ऐका. मी मालकांना विचारते, नोटीस लावायची का ते.’ त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, ‘राहू द्या. तुमचं काम झालं असेल तर जा.’

काकूंची बदली मागं पडली. त्यांनी स्वतःच मालकांना गाठून लॉटचं सांगितलं. लॉट पुन्हा तपासणीला गेला, उगवण खरंच कमी निघाली आणि तो थांबला. जनरल मॅनेजर अजून आहेत. माझ्याशी जास्तच अदबीनं बोलतात आणि त्या अदबीची मला भीती वाटते. काकूंनी दोन्ही ऑफिसांत खरं काय ते सांगितलं, पण ऐकणाऱ्यांनी त्यातून आपापलं घेतलं. काहींच्या मते साहेबांनी मला हाताशी धरलं होतं आणि मी वेळेवर अंग काढून घेतलं. परवा हिशेबाच्या टेबलाशी मी उभी होते, तेव्हा एक मुलगी हसत हसतच म्हणाली, ‘मॅडम ऐकतात हो, जपून बोला.’ सगळे हसले. मीही हसले.

हे पत्र मी एका वाक्यासाठी लिहायला घेतलं होतं. माझ्यावर तसंच आल्यावर मला पटलं की तू काही केलेलं नव्हतंस, असं ते वाक्य. सगळं लिहून झालं आणि ते वाक्य मात्र येत नाही. त्या तक्रारीच्या थोडं आधी तू मला सायकल आणली होतीस, निळी, नवी कोरी, पुढं जाळीची टोपली असलेली. आपल्या गल्लीत कुठल्याच मुलीकडे नव्हती. ‘सोसायटीचं कर्ज काढलं,’ तू म्हणालीस. तसंच असेल. एक्स्चेंजमधल्या सगळ्याच बायका सोसायटीचं कर्ज काढायच्या. मी त्या सायकलवर शाळेत गेले, कॉलेजात गेले, तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. काकूंनी माझ्या तोंडावर विचारून टाकलं, त्यामुळं त्यांचा प्रश्न संपला. मी एकदा विचारलं, तू दोन शब्द बोललीस, आणि मी गप्प बसून तुझ्याकडे बघत राहिले. तू गेलीस तोवर.

पत्र पाठवायला पत्ता नाही, पण असता तरी हे मी पाठवलं नसतं. माझा संशय गेलेला नाही, आई. कमी झाला आहे, पण आहे.