टबाच्या कुलपाची किल्ली आणि इतर मिळकत

मी, धोंडिराम गुंडा सरवदे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सध्या काही नाही, पूर्वी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत सहायक, राहणार जुळे सोलापूर, मूळ गाव केम, तालुका करमाळा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितलं, त्यामुळे घाई केली आहे. हे लिहिताना मला कुणाचा राग नाही. किळस मात्र आहे, आणि ती कुणाकुणाची ते ओघाने येईल.

कलम १. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या पश्चात माझी पत्नी नागूबाई हिच्या. तिच्यानंतर घर यशपाल आणि संघपाल या दोन्ही मुलांचं, निम्मं निम्मं. केमची वीस गुंठे जमीन संघपालला, कारण यशपालला भुईमूग झाडाला लागतो की जमिनीत हे अजून नक्की माहीत नाही. यावरून कुणी भांडू नये.

कलम २. घरामागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली गरम पाण्याचा एक टब आहे. चार माणसं बसतील एवढा, मोटर, हीटर, फिल्टर आणि झाकणासह. तीन वर्षांपूर्वी यशपाल एका हॉटेलात राहून आला आणि आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून तो घेऊन आला. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे बसायला पाणी! शेजारी हसले, मीही हसलो. पण पहिल्याच आठवड्यात नागूबाई भिंत न धरता चुलीपाशी, म्हणजे आताच्या गॅसपाशी, गेली. लग्नानंतर पन्नास वर्षांत मी तिला इतकी खूश बघितली नव्हती. म्हणून हा टब माझ्या मिळकतीतली सगळ्यात मोलाची वस्तू समजावी.

कलम ३. माझा पुतण्या अजिनाथ, राहणार टेंभुर्णी, याला मी एक प्लॅस्टिकची बादली, एक तांब्या आणि साबणाची एक वडी देतो. कारण सांगतो. हा गृहस्थ डोक्याला पाव वाटी खोबरेल थापून, गालात तंबाखूचा मावा धरून टबात उतरला आणि टाच घासत मला म्हणाला, "काका, हितंच आंगूळ उरकून घेतो की. लई झ्याक हाय!" आंघोळ करून टबात बसायचं असतं, हे त्याला तीनदा सांगितलं. तो "व्हय, व्हय" म्हणत घासतच राहिला. माणूस गरम पाण्यात बसला की घाम, तेल, मळ, सगळं सोडतो. तो उठल्यावरचं पाणी मी काचेच्या नळीत धरून बघितलं. वर तेलाचा तवंग होता आणि खाली काय तरंगत होतं ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगं नाही. त्यानंतर दोन दिवस मला आमटी गिळवली नाही.

कलम ४. माझी लाकडी पेटी, आतल्या काचेच्या नळ्या आणि रंगाच्या तबकडीसह, नात प्रतिक्षा हिला. पेटीतलं जुनं औषध वापरू नये आणि मोरीत ओतू नये, जाणत्याकडून त्याची विल्हेवाट लावावी. पेटीबद्दल मात्र सांगायला हवं.

केममध्ये माझी आई केराबाई विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. नाही आली तर उन्हात उभी. तिचा मुलगा पुढे एका अख्ख्या शहराच्या पाण्याखाली 'पिण्यास योग्य' असं लिहून सही करू लागला. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. छत्तीस वर्षं मी तो पिवळा रंग बघितला. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे बघायचं टेबल, दुसऱ्या माणसाचं होतं. त्या टेबलाकडे मी कधी वळून बघितलं नाही. माझा रंग आला की माझं काम झालं.

टब आल्यावर मी कुणाला विचारलं नाही. बोअरचं पाणी भरलं, विहिरीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर रोज चमचाभर टाकली, पिवळा रंग बघितला आणि झाकण लावलं.

कलम ५. हे कलम माझी सून, यशपालची बायको बुद्धप्रिया हिच्याबद्दल आहे. ती मोडनिंबची, औषधशास्त्र शिकलेली, मेडिकलच्या दुकानात नोकरी करते आणि मला मामा म्हणते. मागच्या माघात ती म्हणाली, "मामा, पाणी हाताला निसरडं लागतंय. हीटरवर पांढरा थर पण धरलाय. एकदा पीएच बघूया की." मी तिला पेटी दाखवली आणि म्हणालो, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी पाणी तपासतोय."

आठ दिवसांनी नागूबाईच्या मांड्यांवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं, पू धरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या पाण्यात बसला होतात?" मी घरी आलो आणि अजिनाथचं तेल, प्रतिक्षाच्या मैत्रिणींचे मळके पाय, सगळ्यांची किळस एकट्या बुद्धप्रियावर काढली. फिल्टर तिने आदल्या दिवशी धुतला होता, एवढाच तिचा गुन्हा. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुझा हात लागला म्हणून पाणी नासलं. पुन्हा पाण्याला हात लावायचा नाही."

मी टब उपसला, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

उपसण्याआधी बाटलीभर पाणी मी बाजूला काढलं होतं, तिची चूक सिद्ध करायला. दुसऱ्या दिवशी सात रस्ता चौकाजवळच्या दुकानातून तपासणीच्या पट्ट्या आणल्या. पट्टी बुडवली. क्लोरीन होतं. पीएच आठ-चारच्याही वर. ब्लीचिंग पावडर पाण्याचा पीएच चढवते, आणि पीएच तेवढा चढला की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं. जंतू मजेत वाढतात, नळीतला रंग मात्र पिवळाच राहतो. म्हणजे अडीच वर्षं मी माझ्याच बायकोला 'योग्य' असं लिहून त्या पाण्यात बसवत होतो.

ती पट्टी मी खिशात घातली. आज सात महिने कुणाला दाखवली नाही. या काळात नागूबाईचे गुडघे पुन्हा सुजले, ती पुन्हा भिंत धरून चालते, आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. सगळ्यात जास्त किळस मला त्या पट्टीची नाही. "पाण्याला हात लावायचा नाही" हे वाक्य केमच्या विहिरीवर माझ्या आईने ऐकलं होतं. ते मी माझ्या घरात, माझ्या सुनेला, त्याच आवाजात ऐकवलं. अजिनाथचा तवंग निदान गाळता येत होता.

म्हणून टब, त्याचं कुलूप, किल्ली आणि पाण्यावरचा सगळा अधिकार मी बुद्धप्रियाला देतो. टबात कोण उतरेल आणि कोण नाही, हे तीच ठरवेल. यशपालने मध्ये बोलू नये. पट्टी या कागदाला टाचली आहे.

कलम ६. नागूबाई असेपर्यंत टब चालू ठेवावा. पाण्याची निगा अशी: रोज सकाळी औषध टाकून मग पट्टी बुडवावी. पीएच सात-दोन ते सात-आठ, क्लोरीन किमान तीन. पाणी चाळीस अंशांच्या वर तापवू नये, म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते. ब्लीचिंग पावडर बंद, टबाचंच औषध आणावं. दोन औषधं कधीही एकत्र कालवू नयेत, विषारी वायू होतो. औषध पाण्यात टाकावं, औषधावर पाणी ओतू नये. दर तीन महिन्यांनी सगळं पाणी बदलावं. आंघोळ केल्याशिवाय कुणीही, मेलेल्याचा पुतण्या असला तरी, उतरू नये.

पुरवणी. वरचा मजकूर काल संपवून मी नागूबाईला वाचून दाखवला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आवं, तुमी मेल्यावर तिला कळणार व्हय? आन् तवर माझं गुडगं कुणी शेकायचं? जित्तेपणी सांगा की."

म्हणून आज सकाळी बुद्धप्रियाला बोलावून कलम पाच उभं राहून वाचलं. तिने टाचलेली पट्टी उजेडात धरून बघितली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. कागद हातात घेऊन तिने कलम सहा वाचलं आणि म्हणाली, "मामा, इथं परत उलटं लिहिलंय तुम्ही. आधी पट्टी, मग औषध. किती टाकायचं ते पट्टीच सांगते."

कलम ६ मध्ये 'औषध टाकून मग पट्टी बुडवावी' याऐवजी 'पट्टी बुडवून मग औषध टाकावं' असं वाचावं. ही दुरुस्ती माझ्या हातची असून मला मान्य आहे. कलम ५ मधली किल्ली माझ्या मृत्यूची वाट न बघता तिच्या हातात दिली आहे, तेव्हा ती मिळकतीत शोधू नये.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करण्याइतका दम नाही.

लिहून देणार: धोंडिराम गुंडा सरवदे (सही)

आमच्या समक्ष सही केली, आम्हाला यातून काही मिळत नाही:
१. शिवशरण महादेवप्पा बिराजदार, शेजारी (सही)
२. आबासाहेब मानसिंग पवार, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: जुळे सोलापूर. दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, सकाळी साडेअकरा.
संध्याकाळी टब भरला. पीएच सात-चार, क्लोरीन तीन. तपासणार: बुद्धप्रिया यशपाल सरवदे. पाण्यात: नागूबाई.