तपासनीस सतरा

३ मार्च, सोमवार
चहाच्या पाकिटानं आज घरात रणकंदन! सासूबाईंनी आधी नखं लावली, मग दात, मग सांडशी. शेवटी फाटलं ते असं, की चहा ओट्यावर, चपलांत आणि मांजराच्या पाठीवर! चष्मा लावून त्यांनी पाकिटाच्या बुडाचा शिक्का वाचला — "तपासनीस सतरा. कोण हा मेला? ह्याचं पाकीट ह्यालाच उघडायला लावलं पाहिजे!"

"अगदी बरोबर, आई," मी म्हटलं.

सतरा नंबर मीच. चहाच्या कारखान्यात मी पाकिटं भरते, एवढंच घरी ठाऊक. खरं तर पाच वर्षं मी त्यांचं सील पक्कं आहे का, ते ओढून बघते. माझ्या हातानं उघडलं, की पाकीट नापास! मी पास केलेल्या एकाचंही सील आजवर सुटलेलं नाही. पण हे आता घरात सांगायची माझी काय बिशाद!

५ मार्च
माझा एप्रन दोरीवरून काढून घडी घालता घालता सासूबाईंनी सतरा नंबरला पुन्हा चार शिव्या हासडल्या. दोन मीही दिल्या. हसू आवरताना पुरेवाट!

८ मार्च, शनिवार
मजा कसली डोंबलाची. सगळ्यांच्या आधी उठून, रेडिओ लावून पहिला कप एकटीनं प्यायचा, हे सासूबाईंचं सुख. आज पाहिलं तर रेडिओ बंद, न फोडलेलं पाकीट समोर, अंगठे सुजलेले. म्हणाल्या, "तुमची झोप होऊ दे म्हटलं." डब्यात काढून ठेवते म्हटलं, तर उसळल्या — "मी काय लुळीपांगळी झाले?"

न्हाणीघरात जाऊन रडले. हे माझ्याच हातचं काम!

११ मार्च
कारखान्यात साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, पाकिटाच्या कडेला बारीक काप द्या, तिथून सहज फाटेल.

"आणि सील कच्चं राहिलं तर?"

"ते ओढून बघायला मी आहे की. पण उघडून बघायला माझे हात नकोत. माझ्या सासूबाईंचे हवेत."

साहेब आधी हसले, मग म्हणाले, "माझ्या आईचेही चालतील." चाचणीला वीस पाकिटांना काप द्यायला सांगितला! मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले.

१३ मार्च
कापाचं पाकीट मुकाट्यानं ओट्यावर ठेवलंय. बुडाला शिक्का सतराच.

१४ मार्च, शुक्रवार
रेडिओनं जाग आली! ओट्यावर दोन वाफाळते कप, शेजारी नीट उघडलेलं पाकीट. एक दाणा सांडलेला नाही. सासूबाईंनी घडी घातलेला एप्रन माझ्या हातात दिला आणि त्याच्या खिशावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"पाच वर्षं हा मीच धुते. शिव्या काय मी भिंतीला देत होते? घे चहा, सतरा नंबर!"