शाळा राहील म्हणून सांगितलं होतं

१७ एप्रिल
आज प्रमोद वाडीच्या शाळेवर आला. आहे आमचा केंद्रप्रमुख, पण तपासणी वगैरे काही नाही. खुर्ची सोडून पोरांच्या सतरंजीवर बसला, खिचडी मागून घेतली. अकोल्याला डी.एड. करताना आमच्या घरी जेवायचा तसाच, मान खाली घालून. मग म्हणाला, वाडीची शाळा कमी पटात निघाली. एवढ्याशा पोरांसाठी वेगळी शाळा, वेगळी शिक्षिका कशाला, असं वर चाललंय. रोडवरच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकतील.
मी म्हटलं, मधे नाला, पुढे हायवे. पहिलीतलं पोर जाईल कसं?
"म्हून त सांगाले आलो, सुनंदा. वाडीतली पोरं कॉन्व्हेंटच्या गाडीत जातेत ना, थे आन. पट वाढव, शाळा राहीन. बाकी माह्यावर सोड."
माह्यावर सोड. कॉलेजातही असंच म्हणायचा. आणि करायचाही.

२१ एप्रिल
ऊन फार. सकाळी लवकर निघून घरं घेतली. बहुतेक ठिकाणी पाणी, चहा आणि "पाहू". रुखमाकडे सगळ्यात जास्त वेळ बसले. ती कामावर निघालेली, पदर खोचलेला. पोरगी अन्वी, दुसरीत जाईल.
"मॅडम, माही पोरगी इंग्रजी बोलते. घरात येतानी बी 'मे आय कम इन' म्हनते."
मी अन्वीला गोष्ट वाचायला दिली, मराठी. अडखळली. इंग्रजी दिली, तीही पाठ केलेली, शब्दावर बोट ठेवता येईना. रुखमा बघत होती. तिला वाचता येत नाही, पण बोट कुठे थांबतं ते कळतं.
"घालतो तुमच्या शाळेत. पन शाळा राहीन ना? मांगं आयकलं, बंद करून राह्यले म्हने."
"राहील."
"कोन म्हनते?"
"मी म्हणते."

३० एप्रिल
कॉन्व्हेंटची गाडी चालवणारे सलीमभाई वाटेत भेटले. मला वाटलं भांडतील, त्यांची निम्मी गाडी मी रिकामी करायला निघालेली. गाडी थांबवून उतरले.
"मॅडम, पोरं नेता त्याचा राग नाई. सरकारी शाळा चालली त मलेबी खुशीच हाय. पन शासनाची जबान तुमी काहून देऊन राह्यल्या? थे त्याइले देऊ द्या ना."
हसून नेलं मी. प्रमोदला फोनवर सांगितलं, तोही हसला.

४ मे
रुखमाने दाखला काढून आणला. तिच्यामागे बाकीच्यांनीही. प्रमोदला कळवलं. "वा! तूच करू जाने हे." संध्याकाळी शीलाचाही फोन, प्रमोदची बायको. रोडवरच्या शाळेत शिकवते. "ताई, किती उन्हातान्हाची फिरता तुम्ही." फार प्रेमाने बोलली. बरं वाटलं.

जून, शाळेचा पहिला दिवस
तोरण लावलं. पोरांच्या पायांचे कुंकवाचे ठसे कागदावर घेतले. वर्ग भरलेला दिसला. कितीतरी वर्षांनी पोरांना सरकून बसा म्हणावं लागलं. खिचडी शिजवणाऱ्या यमुनाबाईंनी मोठं पातेलं काढलं, आत कोळ्याने जाळं केलेलं.
पुस्तकं मात्र नाहीत. नव्या पोरांचे संच रोडवरच्या शाळेत उतरवलेत म्हणे. प्रमोदला विचारलं. "टेम्पो नाल्याच्या अल्याड येत नाई, म्हून तिथं उतरवले. येतील." गणवेशाचं कापडही तिकडेच. शीलाला म्हटलं, जरा पाठवून दे ना. "हो ताई, बघते."

२ जुलै
अजून पुस्तकं नाहीत. फळ्यावर लिहून देते. अन्वीचं बोट आता शब्दावर थांबतं. आज स्वतःहून तीन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलंच नाही, पुढची ओळ शोधत होती. हेच तर...

१५ जुलै
आदेश आला. वाडीची शाळा रोडवरच्या शाळेत समाविष्ट. मुलांसह, साहित्यासह, माझ्यासह.
प्रमोदचा फोन लागत नाही. दुपारी लागला. "वरून आलं. माह्या हातात काई नव्हतं. मी लय जोर लावला, सुनंदा." मला रडू आलं तर तोच समजूत घालत होता.

१७ जुलै
कुलूप लावलं. मीच लावलं, दुसरं कोण लावणार. यमुनाबाई पातेलं घासून पालथं घालून गेल्या. त्यांना तिकडे काम नाही, तिकडे बाई आहे.
पालक फाटकापाशी. ओरडलं कोणी नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. रुखमा म्हणाली, "तुमी म्हटलं म्हून काढली पोरीले." एवढंच. कॉन्व्हेंटमधली जागा भरली, आता घेत नाहीत.

२२ जुलै
नाल्याला पाणी. मोठी पोरं लहानांना धरून आणत होती, अन्वी घसरली. सलीमभाई पलीकडून येत होते, त्यांनी दंडाला धरून ओढून काढलं. दप्तर वाहून गेलं. मी रोडवरच्या शाळेच्या गेटवर उभी, सगळं ऐकलं ते नंतर.
आज वाडीतून एकही पोर पोचलं नाही, उद्यापासूनही पाठवणार नाहीत म्हणे. नावं मात्र इथल्या पटावर आहेत.

६ ऑगस्ट
हे कसं लिहू.
मधल्या सुट्टीत शीला डबा घेऊन आली. पेढे. मला एकटीला व्हरांड्यात नेलं, पेढा हातात ठेवला आणि चक्क वाकून पाया पडली.
"ताई, तुमच्यामुळे माझं पद राहिलं. हे म्हणाले, सुनंदाताईंनी पोरं आणली नसती तर मी अतिरिक्त ठरले असते. धारणीकडे जंगलात टाकणार होते मला."
मला आधी कळेचना. पोरं मी वाडीच्या शाळेसाठी आणली, शीलाच्या पदाशी काय संबंध?
"अहो, वाडीची शाळा इकडेच येणार होती ना. पण वाडीत होती तेवढ्या पोरांनी माझ्या पदापुरता पट भागत नव्हता. शाळा इकडे मिळवायचा अहवाल यांनी फेब्रुवारीतच दिलेला."
माझा चेहरा पाहून ती थांबली. "ताई... तुम्हाला माहीत होतं ना? हे म्हणाले, तुमचं बोलणं झालंय."
फेब्रुवारी. आणि सतरंजीवर बसून खिचडी खाल्ली एप्रिलमध्ये.
शीला रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. ती खोटं बोलत नाही, तिला खरंच वाटत होतं मी तिच्यासाठी केलं. तासाची घंटा झाली, जाऊन पाढे घेतले. काय घेतलं देव जाणे.

८ ऑगस्ट
प्रमोदला गाठलं, अंजनगावला, ऑफिसच्या मागे चहाच्या टपरीवर. नाकारलं नाही त्याने. तेवढा मान ठेवला म्हणायचा.
"शीलाले दमा हाय. सेमाडोहच्या पुढं टाकली असती त काय केलं असतं मी?"
"मला सांगायचं होतंस."
"तुले सांगतलं असतं, त आनली असती पोरं?"
नाही. नसती आणली.
"मंग? वाडीची शाळा तशीबी जात होती, सुनंदा. मी फक्त त्यातून एक मानूस वाचवलं."
मी म्हटलं, मागितलं असतंस तर शीलाऐवजी मी अर्ज करून गेले असते धारणीला. खरं की खोटं माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. त्याने डोळे पुसले. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त किळस. चहा तसाच ठेवून निघाले. मागून म्हणतो, "मायले काई सांगजो नको." माझ्या आईला तो माय म्हणतो.

१७ ऑगस्ट, अकोला
सांगितलं आईला. तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही तिचा.
"बायकोची नोकरी वाचवली त्यानं. चोरी नाई केली."
"आई, त्याने मला वापरलं."
"वापरलं असन. पन तू त्याले पाह्यलं नाईस, त्याचा बाप गेला तवा. दोन दिवस माह्या मांडीवर डोकं ठिवून होता. तू परीक्षा देऊन राह्यली होती." मग थोड्या वेळाने, "पोरं काय, कोठंबी शिकतील."
ही माझी आई. स्वतः अंगठा लावायची म्हणून मला मारून मारून शाळेत घातली. जेवले नाही. परतीच्या गाडीत दर्यापूरपर्यंत डोळे मिटून बसले, झोप नव्हती.

४ सप्टेंबर
वाडीतल्या पालकांनी अमरावतीला तक्रार केली. सलीमभाईंनी लिहून दिली, अंगठे आणि सह्या सगळ्यांच्या. शाळा राहील असं सांगून पोरं काढायला लावली. सांगितलं कोणी? माझं नाव. बरोबरच आहे. त्यांना प्रमोद कुठे भेटला होता?

१८ सप्टेंबर
अमरावतीला बोलावलंय, जबाब द्यायला. प्रमोद घरी आला काल. बसला नाही.
"एवढंच म्हन, मी 'प्रयत्न करू' म्हनलो होतो. 'राहीन' नाई. एका शब्दाचा फरक हाय. दोघंबी सुटतो."
शब्द तर एकच. तेवढ्यासाठीच...

२५ सप्टेंबर, अमरावती
सांगितलं सगळं. जसं झालं तसं, सतरंजीपासून. रुखमा आणि सलीमभाई बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं.
प्रमोदचा जबाब माझ्यासमोरच झाला. "मी असं कोणतंही आश्वासन दिलेलं नाही, सर. मॅडमचा वाडीशी भावनिक ओढा आहे. त्या भरात बोलल्या असतील." शुद्ध पुस्तकी मराठीत. आणि मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मॅडम म्हणाला.
जबाब घेणारे साहेब वाईट नव्हते. पाणी प्या म्हणाले. मग विचारलं, "लेखी काही होतं का तुमच्याकडे?"
"नाही."
"पालकांना शब्द कोणी दिला?"
"मी."
"शासनाच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार आहे का तुम्हाला?"
नाही. पट वाढवायची जबाबदारी माझी, घरोघर फिरायचं मी, शाळा बंद झाल्याचं सांगायचं मी. अधिकार नाही. म्हटलं फक्त 'नाही'. खुलासा मागवतील. शिस्तभंगाचंही काही बोलत होते. शाळेबद्दल विचारलं तर, "तो वेगळा विषय आहे."
परतीच्या एसटीत रुखमा येऊन शेजारी बसली. कुलूप लागल्यापासून बोलली नव्हती.
"आयकलं मी दारातून. खरं सांगतलं तुमी."
मला वाटलं आता ती हात धरेल. तिने तिकीट पदराच्या गाठीत बांधलं.
"पन पोरगी घरीच हाय, मॅडम."

२८ सप्टेंबर, रविवार
सलीमभाई येऊन गेले. वाडीत बैठक झाली. शाळेचं कुलूप तोडायचं नाही असं ठरलं, गुन्हा होतो. उद्यापासून पोरांना विहाराच्या ओट्यावर बसवणार. सतरंजी यमुनाबाई देणार आहेत.
"शिकवेल कोण?" मी विचारलं.
"थे काई ठरलं नाई," म्हणाले आणि गाडीची चावी बोटात फिरवत राहिले. मग, "तुमाले सांगून ये म्हटलं रुखमानं. बोलवाले नाई पाठवलं. फक्त सांगाले."
खुलासा लिहायला घेतला होता. दोन ओळी झाल्या.
नाल्याचं पाणी उतरलंय म्हणे, पायी जाता येतं. रोडवरच्या शाळेत सकाळी सही, शीला माझ्या शेजारच्या खुर्चीत. ओट्यावर पोरं त्याच वेळेला बसतील.
रुखमाने ओटा झाडून ठेवलाय.