शेवटची डुगडुगणारी खुर्ची

लाडक्या ताई,

तू खिशात सरकवलेल्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेलो. दारू सोडणाऱ्यांची बैठक होती. दारातच थाप मारली, "मी सुतार, खुर्च्या दुरुस्त करायला आलोय." तीन बैठका जमिनीवर बसून स्क्रू आवळत सगळ्यांचं ऐकलं. चौथ्या वेळी एकही खुर्ची डुगडुगेना. एक निवृत्त कंडक्टर म्हणाले, "सीट रिकामी आहे, बसून घे." बसलो. "मीही पितो," एवढंच बोललो आणि ढसाढसा रडलो.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. माझ्या शपथांची पत्रं तुझ्याकडे ढीगभर आहेत. रविवारी मीच येतो, न पिता, हत्यारं घेऊन. मी पिऊन मोडलेली तुझी खुर्ची माळ्यावर असेलच. मोडकं काही टाकवतच नाही तुला, म्हणून तर मी आहे.

तुझाच,
धाकटा