नारळी पौर्णिमेची रिकामी घरं

५ जुलै २००८

संपलं एकदाचं! खाडीच्या भरतीची अठरा वर्षांची नोंद आज सायबर कॅफेत बसून 'खाडीमंच' या वेबसाइटवर चढवली. मधे दोनदा वीज गेली. पॉवरलूम थांबले आणि अख्खी भिवंडी गप्प.

कशेळीचे केसरीनाथकाका दर अमावास्या-पौर्णिमेला बांधावरच्या दगडाच्या माथ्यापासून भरतीचं पाणी किती खाली ते वितीने मोजतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. कुणी सांगितलं नव्हतं! त्यांची वीत मी पट्टीवर मोजली, नऊ इंच. "बाई, पोरांची वीत मोजता का शालेत?" म्हणाले.

मंचावर पुण्याचे संशोधक, कोळी, इंजिनिअर, माझ्यासारख्या भूगोलाच्या बाई, सगळे एका पंगतीला. ज्या गावची नोंद खरी ठरेल तिथे भरती मोजायचं यंत्र बसणार. काकांना तेच हवंय. गोदामांसाठी खाडीत भराव पडतोय, पाणी चढतंय म्हटलं की गाव त्यांना वेड्यात काढतं.

एक डाचतंय. नारळी पौर्णिमेला काका मोजत नाहीत. "देवाला वीत लावाची का?" पण मंचाचा फॉर्म तारखेपुढचं रिकामं घर घेईना! मग अलीकडची-पलीकडची अमावास्या धरून मधला आकडा टाकला. अठरा वेळा. एवढ्याने काय होतंय.

११ जुलै

मंच चालवणाऱ्या सुश्रुतने पुण्याहून लिहिलंय — अशी नोंद आमच्याकडेही नाही! कागद छापून नेला, वाचून दाखवला. काकांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. सीताकाकू दाराआडून ऐकत होत्या.

२९ जुलै

पकडली गेले. सुश्रुतचा प्रश्न, सगळ्यांदेखत — नारळी पौर्णिमेचा आकडा दरवर्षी दोन अमावास्यांच्या बरोबर मधला कसा? खाली कुणीतरी लिहिलंय, "सगळी नोंदच घरबसल्या केलेली दिसते."

काकांना खोटं पाडलं मी! पावसात, चिखलात अठरा वर्षं जाऊन मोजलेलं.

३० जुलै

आज वर्गात मी मुलांना म्हणाले, नकाशात ठाऊक नाही ते कोरं सोडा.

२ ऑगस्ट

मंचावर कबूल केलं. आकडे माझे, काकांचे नव्हेत.

सुश्रुतचं उत्तर तासाभरात. "बाई, चूक फॉर्मचीही आहे. आता रिकामं घर चालेल. पण यंत्र कुठे बसवायचं ते ठरवायला वीस तारखेला समिती बसते. वर्षातली मोठी भरतीच नाही, तर काय दाखवू?"

३ ऑगस्ट

कशेळीला जाऊन काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माज्या नावावं टाकलंत व्हय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काकू आतून एक काठी घेऊन आल्या. काठीला ओळीने सुती दोरे. पोवती! नारळी पौर्णिमेला बायका देवाला सुताचं पोवतं वाहतात. काकू ते दगडाच्या माथ्यापासून भरलेल्या पाण्यापर्यंत सोडतात, तेवढंच तोडतात, काठीला बांधतात.

"देवाला वीत लावत न्हाय, पोवतं चालतं," म्हणाल्या.

काका बघतच राहिले. "मना कदी बोलली न्हाय!"

"तुमी कदी इचारलं?"

मीही कुठे विचारलं होतं? चार वेळा त्यांच्या हातचा चहा प्यायले.

काठी आडवी धरली. अठरा दोरे. पहिला हातभर. मधे एखादा लांब, पण पुढे पुढे आखूडच होत गेलेले. गेल्या वर्षीचा चार बोटं.

४ ऑगस्ट

अठराही दोरे पट्टीवर मोजले, काठीचा फोटो मंचावर टाकला. नाव — सीताबाई. सुश्रुत म्हणतो, भरावामुळे किती, समुद्रामुळे किती, की दगडच खचतोय, ते यंत्राने कळेल. सोळाला स्वतः येतोय.

१६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दुपारी भरती पूर्ण भरली. काकू पोवतं हातात धरून उभ्या. सुश्रुत शेजारी, वही उघडून. दगड दिसेना. पाणी त्याच्यावरून गेलं होतं.

आजचं घर मी रिकामं सोडलं.