बाद झालेला परवाना

४ मार्च
चि. धाकटीस, अ. उ. आ.
नाना जाऊन दोन महिने झाले. मी पुन्हा शेअर दलालांच्या त्याच कार्यालयात जाते, पण सुपरवायझर म्हणून नाही. नानांच्या दुखण्यात तीन वर्षं घरी होते, तेवढ्यात परवाना बाद झाला. परीक्षा पुन्हा द्यायची. तोवर जिला मी काम शिकवलं, तीच माझे कागद तपासते. बिचारी मान वर करत नाही!
संध्याकाळी पाच वाजले की हात अजून आपसूक औषधांच्या कप्प्याकडे जातो. बाकी ठीक.
लोभ आहेच, पत्रही येऊ दे.
तुझी ताई

११ एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
परीक्षा दोन तारखेला होती ना? तुझ्या परवाच्या पत्रात शेजारणीच्या मांजरीवर दोन पानं आणि निकालावर एक ओळ नाही! तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू विषय बदलतेस. किती गुणांनी गेली?
हे म्हणतात, ताईंना इकडेच बोलाव, या वयात कशाला डोकेफोड. आणि खरं सांगू? तू नानांपाशी बसलीस, मीही त्यांचीच मुलगी, पण नुसती पत्रं पाठवली. परवाना गेला त्यात माझाही वाटा आहे.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

१९ एप्रिल
चि. धाकटीस, अ. उ. आ.
दोन गुणांनी. हाताखालच्याने ग्राहकाला न विचारता व्यवहार केला तर आधी काय कराल, असा प्रश्न होता. वीस वर्षं केलं तेच लिहिलं: समोर बसवून विचारेन. पुस्तक म्हणतं, आधी लेखी नोंद.
वाटाबिटा काही नाही. नानांपाशी मी माझ्या मनाने बसले. पण तिकडे बोलावू नकोस. तिथे मी नुसती ताई होऊन राहीन. मला माझं टेबल हवंय. जूनमध्ये पुन्हा बसते.
काळजी कमी, लोभ जास्त कर.
तुझी ताई

२० जून
चि. धाकटीस, अ. उ. आ.
पास झाले! परीक्षा केंद्रातल्या बाईंनी हातात निकालाचा कागद ठेवला आणि लगेच पुढचं नाव पुकारलं. घरचा जिना चढताना मी मोठ्यांदा म्हटलं, नाना, झालं हो! मग पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.
चपलाही न काढता लिहायला बसले आहे. एक तारखेपासून कागदांवर सही माझी. पण त्याआधी तू ये. मुलांना तुझ्या यजमानांवर सोपव आणि चार दिवस ये. या घरात कोणीतरी मला विचारायला हवं, पेपर कसा गेला म्हणून.
पत्रातला लोभ पोचला. आता तो घेऊन तूच ये.
तुझी ताई