सातही गोल आपलेच

साओ रोमाल्दो,
सोमवार, १४ जुलै २०१४

प्रिय वाल्दिर,

आपारेसिदा माउली तुला, लूसियाला आणि लेकरांना सांभाळो. इकडे आम्ही बरे आहोत. थंडीमुळे गाई दूध कमी देतात, पण चीज चांगलं मुरतंय. आईची तब्येत तशीच आहे. शेजारच्या दोना इरासेमांची नात बुधवारी तुमच्या बॉस्टनला परत निघालीय, तिच्यासोबत एक चीज आणि हे पत्र पाठवतोय. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. ‘ये’ म्हणायला लिहीत नाहीये, तेव्हा निवांत वाच.

मागच्या मंगळवारी सकाळी, चीजला मीठ चोळून झाल्यावर, मी आईचा पलंग टीव्हीच्या खोलीत आणला. तिला जर्मनीबरोबरची सेमीफायनल ऐकायची होती. तुझी वहिनी झिल्दा हात लावायला येईपर्यंत मी एकट्यानंच तो सरकवला होता, आई वर झोपलेली असताना. बाबांनी केलेला तोच शिसवी पलंग, जो उचलायला पूर्वी आपण दोघं आणि बाबा लागायचो. आता वर कुणी आहे असं वाटतच नाही.

तब्येत तशीच नाहीये, वाल्दिर. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. डोळे तर साखरेनं कधीच नेले, आता कानांनाही फक्त आरडाओरडा पोचतो.

मॅच तूही पाहिली असशील. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, शाळेत मला गोलात उभं करायचे ते धावायला नको म्हणून. तरी वर्ल्डकपला मी बसतो, सगळे बसतात म्हणून, आणि यंदा तर तो आपल्याच देशात. जर्मनीनं पहिला गोल केला तसा टीव्हीवरचा माणूस ओरडला. आईनं मान उचलली. “गोल झाला ना रे? आपला का?”

तिचा चेहरा तू पाहिला नाहीस. मी म्हणालो, “हो, आई.”

एकदा हो म्हटल्यावर पुढचे सहाही मला आपलेच करावे लागले. मधे हात धुवायला गेलो, परत येतो तर पाच झालेले. मला वाटलं तोच गोल परत परत दाखवतायत. झिल्दा तोंडावर ॲप्रन धरून बसली होती. आई मात्र बोटं मोजत होती. “पाच? अनेझियो, पाच! मग फटाके का नाही वाजत?”

“फायनलसाठी राखून ठेवलेत, आई.”

आणि अगदी शेवटी आपला तो एकुलता एक गोल झाला, तेव्हा समोरच्या दारूच्या दुकानातल्या तोन्योनं रागारागात फटाक्यांचा अख्खा गठ्ठा पेटवून दिला. “घ्या! झाला साजरा!” म्हणून ओरडत होता. आईनं क्रुसाची खूण केली आणि रडली. “आता एकच राहिली. मग माझा वाल्दिर येतो.”

तुला आठवतं की नाही, ठाऊक नाही. मे महिन्यात तिनं फोनवर विचारलं, कधी येतोस, तेव्हा तू हसत म्हणालास, “आपारेसिदा माउलीची शपथ, ब्राझील कप जिंकू दे, दुसऱ्याच दिवशी निघतो!” तू थट्टा केलीस. पण माउलीचं नाव घेऊन बोललास, आणि आईच्या लेखी तो नवस झाला. नवस बोललेला माणूस तो फेडेपर्यंत बांधलेला असतो, हे तिनंच आपल्याला शिकवलंय. म्हणजे माझ्या एका ‘हो’नं मी तुलाच बांधून टाकलं.

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. मक्याची पेज मागून घेतली. तुझ्या खोलीतल्या चादरींना इस्त्री करून घेतली, कुठली कोंबडी कापायची तेही ठरलं. झिल्दा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, “जर्मनीच्या गोलांवर किती दिवस जगवणार आहात म्हातारीला?”

काल रविवार, फायनलचा दिवस. मी चर्चमध्ये मिस्साला गेलो, पण प्रसादाच्या रांगेत उभं राहायचं धाडस झालं नाही. घरी आलो तर आई निळा झगा घालून तयार. मी तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं सांगितलं, “आई, मंगळवारी आपण हरलो. मी खोटं बोललो.”

“किती गोलांनी?”

“सात-एक.”

ती हसायला लागली. दम लागेपर्यंत हसली. “अरे, थापही जरा पटेल अशी मार. दोन-एक म्हणाला असतास तर मानलं असतं. ब्राझील सात खातो होय, आपल्याच घरात?”

मी तोन्योला बोलावून आणलं. बिचारा टोपी काढून उभा राहिला. “खरंच हरलो, दोना बेनेदिता. आईशप्पथ.”

“तुझी आई बिचारी खोट्या शपथांपुरतीच उरलीय,” आई म्हणाली. मग माझा हात शोधला. “वाल्दिरनं सांगितलंय ना तुला असं सांगायला? त्याला जमत नाहीये. तू धाकट्याला पाठीशी घालतोयस, लहानपणापासून घालतोस.”

संध्याकाळी अर्जेंटिना हरली. आपण नाही तर तेही नाहीत, म्हणून सगळा गाव रस्त्यावर आला. तोन्योनं, आणि कुणी कुणी, उरलेले सगळे फटाके उडवले. भिंती हादरत होत्या. आई म्हणाली, “ऐकलंस? आता तरी खोटं बोलू नकोस. निघाला असेल तो.”

आज सकाळी फादर मरणाआधी लावतात ते शेवटचं तेल लावायला आले. तिनं तोंड फिरवलं. “वाल्दिर आल्यावर. दोघांच्या समोर.” फादर तेल तसंच परत घेऊन गेले. रस्त्यावर गाडी वाजली की ती विचारते, तो का? रात्रभर झोपली नाही. मी दुसरं कुठलं खोटं बोलू शकत नाही, आणि माझं खरं तिच्या उपयोगाचं राहिलं नाही. ती तेल न घेता गेली, तर मी कुठल्या तोंडानं प्रार्थना करू?

मला माहीत आहे मी काय मागतोय. कागद नसताना तिथून निघालास तर परत जाता येणार नाही. लूसिया, लेकरं, कष्टानं उभं केलेलं सगळं तिकडे राहील. म्हणून इतके दिवस हा शब्द मी फोनवरही काढला नाही, आणि तू उचलत नाहीस तेही याच शब्दाला भिऊन, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

दुपारी तिनं पलंग रस्त्याकडच्या खिडकीशी न्यायला सांगितला. मी नेला. मग इथे बसलो आणि लिहायचं नाही असं ठरवलेलं लिहिलं.

ये.

तुझा दादा,
अनेझियो